नऊ खिशांची गुंडाळी

जावई हत्यारं मागायला आला की समजावं, घरातली एखादी धड वस्तू आज कामातून जाणार. सासूबाईंचं हे पक्कं मत होतं आणि मतं बदलायची त्यांना सवय नव्हती. त्यात आज त्याच्या पाठीवर बेस गिटारची लांबलचक पिशवी, आणि मागे तोंड पाडून उभी लेक.

बेस सासऱ्यांचा. ते गेल्यावर लेकीने तो उराशी धरला, आणि त्यांच्या हत्यारांची पेटी सासूबाईंनी कपाटात घालून कुलूप लावलं. लेक आता तोच बेस वाजवायची. उद्या सकाळी एका मोठ्या ऑर्केस्ट्रात तिची निवडचाचणी होती. घेतलं तर कायमची नोकरी. आणि नेमकी आत्ताच बेसची मान वाकली होती.

"माणसाची मान वाकते. लाकडाची कशी वाकेल?" सासूबाई शिवणाच्या मशीनवरून न उठता म्हणाल्या.

"तारांच्या ओढीने, आई," जावई म्हणाला. "मानेच्या पोटात लोखंडी कांब असते. ट्रस रॉड. ती जरा आवळली की मान सरळ होते. आत्ता तारा इतक्या वर आल्यात की दाबताना हिची बोटं सोलवटतायत."

"मग न्या की दुकानात."

"तो चार दिवसांनी देतो म्हणतो."

सासूबाईंनी नुसतं "हूं" केलं. मागे जेवताना हाच माणूस म्हणाला होता, त्या वाद्याने अर्धं घर खाल्लंय म्हणून. तेव्हा सगळे हसले होते. सासूबाई हसल्या नव्हत्या. बायको सारखी बाहेर वाजवायला जाते, हे कुठल्या नवऱ्याला गोड लागतं? वाद्यच मोडलं की मिटलं. वर तोंड पाडून सांगायचं, मी तर दुरुस्तच करत होतो.

त्यांनी पेटी काढून दिली, पण खुर्ची ओढून हातभर अंतरावरच बसल्या. मांडीवर शिवायचं कापड, डोळे जावयाच्या हातांवर.

जावयाने तारा सैल केल्या, मानेच्या टोकाची छोटी टोपी उघडली. आत नट होता, त्यात सहा कोपऱ्यांचं भोक. मग त्याने पेटीतली कापडी गुंडाळी सोडली. ती सासूबाईंनीच शिवलेली. नऊ खिसे, प्रत्येकात एक वाकडी अ‍ॅलन की, पायरीसारख्या चढत्या क्रमाने.

पाच मिलिमीटरची किल्ली शिरेना. साडेचारची शिरली.

"बसली ना? फिरवा मग," सासूबाई मुद्दाम म्हणाल्या. बघू तर, काय करतो ते.

त्याने किल्ली बोटाने हलवून पाहिली आणि काढून घेतली. "डुगडुगते. जोर लावला तर नटाचे कोपरे झिजतील. मग कुठलीच किल्ली धरणार नाही, अख्खी मान फेकून द्यावी लागेल."

त्याने खिशातून स्वतःचा सायकलचा संच काढला. त्याच्या किल्ल्यांची टोकं गोल. एक लावून बघितली आणि तीही परत ठेवली. "गोल टोक तिरकं बसतं. आवळताना घसरेल."

"हे नको, ते नको! भाजी निवडताय का?"

"आई, जरा गप्प बस ना," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

सासूबाई गप्प बसल्या, पण मन बसेना. मोडायचंच असतं तर मघाशीच मोडलं असतं की याने. त्यांनी स्वतःच तर सांगितलं होतं फिरवायला. का मुद्दाम वेळ काढतोय?

जावई गुंडाळी चाचपत होता. "हा नट इंचाच्या मापाचा आहे. बाबा दर वर्षी याच पेटीतून किल्ली काढायचे. साडेचार आणि पाच यांच्या मधली एक असणारच."

"होती म्हणा!" सासूबाई उसळल्या. "मागच्या महिन्यात पलंग जोडायला पेटी कोण घेऊन गेलं होतं, जावईबापू? आमच्या घरातल्या किल्ल्यांना पाय नाही फुटत."

लेकीने कपाळाला हात लावला. जावयाचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "नऊ खिसे, नऊ किल्ल्या. तुम्ही दारातच मोजून घेतल्या होत्या, आई."

खरंच घेतल्या होत्या. दोनदा.

आणि तेव्हा सासूबाईंना आठवलं. सासरे गेल्यावर ही गुंडाळी शिवताना त्यांनी सगळ्या किल्ल्या ओळीने मांडल्या होत्या. नऊ नीट चढत गेल्या. दहावी ना अल्याडची ना पल्याडची. कापड नऊ खिशांपुरतंच होतं. कुणाचीतरी चुकून आली असेल, म्हणून...

त्यांची नजर मशीनवरच्या भिंतीकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. तिथे लाकडी गुट्टीत खोचलेल्या वाकड्या सळीवर त्यांची मोठी कात्री टांगलेली होती. इतकी वर्षं.

"आत जाऊन पाणी प्या दोघं," त्या म्हणाल्या. "तोंडं बघा कशी झालीत."

ती दोघं परत आली तेव्हा सासूबाई मान खाली घालून काज करत होत्या. "पेटीचा तळ बघितलात का? पुरुषांना समोरची वस्तू दिसेल तर शपथ."

तळाशी किल्ली होती. जावयाने ती उचलली. टोकाला भिंतीचा चुना लागला होता. त्याने किल्लीकडे पाहिलं, भिंतीवरच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं, मशीनवर आडव्या पडलेल्या कात्रीकडे पाहिलं. मग चुना रुमालाने पुसला आणि किल्ली नटात घातली. ती बोटात अंगठी बसावी तशी बसली.

पाव फेरा. थांबला. तारा परत लावल्या, सूर जुळवले, एका डोळ्याने मानेवरून पाहिलं. पुन्हा तारा उतरवून जरासा फेरा. लेकीने बेस मांडीवर घेतला आणि एक जाड सूर सोडला. खिडकीची काच थरथरली. सासरे सोडायचे तसाच. लेक हसली, भराभर वाजवत सुटली.

सासूबाईंनी सुई उगाच दोनदा ओवली. पोराने तोंड उघडलं नव्हतं. बायकोसमोर एक शब्द नाही. का? नंतर कधीतरी काढायला जपून ठेवलंय की काय?

दोघं निघाली तेव्हा लेक पुढे गेली. जावई मागे राहिला. गुट्टीत एक खिळा ठोकून त्याने कात्री जागच्या जागी टांगली. मग किल्ली सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"हिला खिसा शिवाल का, आई?"

"शिवीन," त्या म्हणाल्या. "उद्या निकाल लागला की आधी इकडे या दोघं. आणि तो खिळा कुठला? माझ्या डब्यातला नाही ना?"