साडेपाच वाजताचा दिवस

तलावाच्या बांधावर पाणी वापर संस्थेची एक खोली आहे आणि त्या खोलीबाहेर एक काळा फळा. त्या फळ्याच्या तळाशी "संगणक : योगेश्वरी पटले, अकरावी विज्ञान" असं लिहिलेलं होतं. हे लिहून बावीस दिवस झाले होते. बावीस दिवसांत योगेश्वरीनं ते निदान पन्नासदा वाचलं असेल, त्यातही सायकलवरून न उतरता, म्हणजे आपण काही मुद्दाम बघत नाही असं दिसावं म्हणून.

गाव तालुक्याच्या गोरेगावपासून सहा किलोमीटर. त्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, तलावाखाली आठ जणांनी उन्हाळी धान लावलं होतं. आठ जण, आठ दिवस, एकेकाची एकेक पाळी. पाळीच्या दिवशी दहा तास गेट उघडं मिळायचं. ते सलग घ्या नाहीतर तुकड्यातुकड्यांनी घ्या, दिवसा घ्या नाहीतर रात्री. बहुतेक जण अर्धं रात्रीच घ्यायचे, कारण रात्रीचं पाणी नहरीत, म्हणजे कालव्यात, आटत नाही. गेट फिरवायचं काम छोटेलालकडे. तो गावाचा पाणकर, त्याचा बापही पाणकरच होता. तो उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ चिठ्ठीवर लिहायचा आणि मग संस्थेचे अध्यक्ष केशोराव डायरीत बेरजा करत बसायचे. केशोरावांच्या बेरजेवरून दर आठवड्याला भांडण व्हायचं. एकदा तर एका दिवसात सव्वीस तास निघाले होते.

तेव्हा योगेश्वरी म्हणाली, मी प्रोग्राम लिहून देते. केशोराव म्हणाले, "लिव. भांडण तं तसंही होऊनच राहिलं हाये."

तिचा चुलतभाऊ भुवनेश्वर नागपूरला इंजिनिअरिंगला होता. त्यानं नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचं एक जाडजूड पुस्तक आणि धूळ, तिन्ही गोष्टी तिच्याकडे दिल्या. पुस्तक वाचून तिला कळलं की जावाला तारीख वगैरे काही माहीत नसतं. तिच्याकडे फक्त एक आकडा असतो. एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून किती मिलिसेकंद झाले, एवढंच ती सांगते. सेकंदाचा हजारावा भाग तो मिलिसेकंद. पहिल्या दिवशी योगेश्वरीनं त्या आकड्याला सेकंद समजून हिशेब केला, तर त्या आठांतल्या गुलाबचंदकाकाजींची पुढची पाळी सन चव्वेचाळीस हजारात निघाली. तिनं ते काकाजींना सांगितलंही. ते म्हणाले, "बरं हाये. तोवर धान तं निसवन, लोंब्या बाहेर येतीन."

मग तिला जावामध्येच तयार अवजार सापडलं, टाइमयुनिट नावाचं. मिलिसेकंद द्या, ते दिवस काढून देतं. आलेल्या दिवसांना आठानं भागायचं, उरेल तो पाळीचा नंबर. नंबर आणि नावं एकदा जुळवून घेतली की काम संपलं. रोज सकाळी शाळेआधी छोटेलालची चिठ्ठी भरायची आणि आज कोणाचे किती तास उरले ते फळ्यावर लिहायचं. बावीस दिवस एकही भांडण झालं नाही. केशोरावांनी डायरी घरी नेऊन ठेवली.

रविवारी भुवनेश्वर गावी आला. जेवण झाल्यावर तिच्या मागे उभा राहून त्यानं प्रोग्राम वाचला आणि हसायला लागला.

"काऊन हसून राहिला?" योगेश्वरीनं विचारलं.

"तुझा दिवस सकाळी साडेपाचले सुरू होते, माहीत हाये का?"

"कसा काय?"

"ते मिलिसेकंद इंग्लंडच्या घड्याळाचे असतात. तिथं रात्रीचे बारा वाजतात तवा आपल्याकडे साडेपाच. तू सरळ भागून टाकलं. टाइमझोन पकडलाच नाही. फर्स्ट इयरचे पोट्टे बी अशी मिस्टेक नाही करत यार."

"मी फर्स्ट इयरले नाही, अकरावीले हाये."

"म्हणूनच सांगून राहिलो."

तो झोपायला गेला. योगेश्वरीचे कान तापले होते. बावीस दिवस आपल्या नावाखाली इंग्लंडचं घड्याळ चालत होतं आणि आपण सायकलवरून ते नाव वाचत फिरत होतो. तिनं साडेपाच तासांचे मिलिसेकंद काढले, एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख, आणि भागाकाराआधी मिळवून टाकले. आता दिवस रात्री बाराला सुरू होणार होता, जसा तो कॅलेंडरवर होतो, परीक्षेच्या वेळापत्रकात होतो, सगळ्या शहाण्या माणसांकडे होतो. एका ओळीचं काम होतं.

सोमवारी सकाळी तिनं चिठ्ठी भरली, फळ्यावर लिहिलं "सावित्रीबाई, पाच तास" आणि ती शाळेत गेली. दहाऐवजी पाच कसे, हे तिच्या मनात आलं नाही. प्रोग्राम आता बरोबर झाला होता ना.

दुपारी दोनला ती परत आली तेव्हा फळ्यासमोर चार माणसं उभी होती, आणि त्यांपैकी दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होती.

सावित्रीबाईंचं शेत नहरीच्या अगदी टोकाला. गेट उघडल्यापासून पाणी तिथं पोचायलाच चार तास लागतात. छोटेलालनं सकाळी सहाला उघडलं आणि फळ्यावर पाच तास होते म्हणून अकराला बंद केलं. म्हणजे बाईंच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी आलं ते तासभर. धान गर्भावर होतं, लोंबी अजून पोटातच. पुढची पाळी आठ दिवसांनी, आणि गर्भातल्या धानाला आठ दिवस कोरडं ठेवलं तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं भूस निघतं. हे तिथल्या कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"माझे पाच तास कोणं खाल्ले ते मले सांगा," सावित्रीबाई फळ्याला म्हणाल्या.

"माझ्याकडे काऊन पाहून राहिली? मी माझ्या पाळीत घेतलं," गुलाबचंद तलावाला म्हणाले. "रविवार माझा. दिवसा पाच, रात्री बारा ते पाच. झाले दहा."

"फळ्यावर तं माझे पाचच उरलेले दिसून राहिले. म्हणजे तुमचे रात्रीचे पाच माझ्या नावावर. कोणं तरी सांगितलं असंन छोटेलालले."

"मले कोणं काही नाही सांगितलं," छोटेलाल म्हणाला. "मलेही वाटलं, बाईचे पाचच कसे. पण फळा आजवर चुकला नाही."

"गुलाबचंद," केशोराव मध्येच म्हणाले, "तू पोरीले काही बोलला होता का?"

गुलाबचंदांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. "बोललो होतो. चव्वेचाळीस हजार सालचं. तुम्ही सारे हसले होते."

आता कोणी हसलं नाही. योगेश्वरीनं सायकल वळवली आणि घरी गेली. तिला तिथंच काहीतरी बोलता आलं असतं, पण काय बोलायचं ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायची सवय तिनं आत्ताच कुठं सोडली होती.

जावासोबत एक झिप फाइल येते. त्यात खुद्द जावा कशी लिहिली आहे तेच असतं. कार्बोरेटर उघडून बघावा तसं ते उघडून बघता येतं. योगेश्वरीनं टाइमयुनिटची फाइल शोधली. आत काहीतरी भारी असेल अशी तिची कल्पना होती. आत भागाकार होता. मिलिसेकंद घ्यायचे, एका दिवसात जितके मिलिसेकंद असतात त्या आकड्यानं भागायचं, उरलेलं टाकून द्यायचं. नऊशे नव्याण्णव मिलिसेकंदांचे सेकंद मागा, शून्य देईल. त्यात इंग्लंडही नव्हतं, भारतही नव्हता, गोरेगाव तर नव्हतंच. दिवस कुठून कुठवर मोजायचा हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ते तिनं सांगायचं होतं, आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं.

तिनं कालची ओळ काढून रात्री दोनची वेळ दिली. उत्तर आलं, गुलाबचंद. ओळ परत टाकली. उत्तर आलं, सावित्रीबाई.

मग तिच्या लक्षात आलं. गावात पाण्याचा दिवस बाराला बदलतच नाही. पहाटे उजाडतं, छोटेलाल बांधावर येतो, मागच्या माणसाचं गेट उघडं असेल तर पाडतो, पुढच्याचं उघडतो, तेव्हा बदलतो. रात्री बारा ते पाचचं पाणी आदल्या दिवसाचंच. हे सगळ्यांना इतकं माहीत होतं की तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिलाही इतकं माहीत होतं की तिनं विचारलं नाही. आणि इंग्लंडची मध्यरात्र नेमकी साडेपाचला पडत होती, गावाच्या पहाटेच्या जवळपास. बावीस दिवस प्रोग्राम बरोबर चालला तो चुकीमुळं. चूक दुरुस्त केली आणि तो बिघडला.

भुवनेश्वर सकाळच्या बसनं निघून गेला होता. तो असता तरी तिनं त्याला बोलावलं असतं का, कोण जाणे.

ती परत बांधावर गेली. चौघंही तिथंच होती. सावित्रीबाई खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या.

"काकाजींनी पाणी नाही घेतलं," योगेश्वरी म्हणाली. "म्हणजे घेतलं, पण त्यांचंच घेतलं. चूक माझी हाये. काल रात्री मी प्रोग्राममध्ये दिवस बारा वाजता सुरू केला. तर रात्रीचे पाच तास सोमवारात गेले, काकीच्या नावावर."

"बारा वाजता कायले?" केशोरावांनी विचारलं.

"तारीख तवाच बदलते ना, काकाजी."

"तारीख बदलते. पाणी कसं बदलन? बारा वाजता पुढच्याचं गेट कोण उघडून राहिलं?"

"म्हणूनच म्हणून राहिली, माझी चूक."

छोटेलालनं खिशातली चिठ्ठी काढून उगाच एकदा वाचली. गुलाबचंदांनी दुपट्टा परत डोक्याला गुंडाळला आणि म्हणाले, "बावीस दिवस बरोबर होतं ते?"

इथं योगेश्वरीला थांबता आलं असतं. हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं.

"तेही चुकूनच बरोबर होतं," ती म्हणाली. "दिवस साडेपाचले बदलत होता. मी ठरवलं नव्हतं."

"साडेपाच?" छोटेलालनं मान वर केली. "आता मी सहाले येऊन राहिलो. मे महिन्यात पाचलेच उजाडते. तवा मी पाचले येतो."

म्हणजे ती चूकही मेपर्यंतच टिकणार होती. योगेश्वरीनं हे मनात टिपून ठेवलं. आता लिहायला तिच्याकडे काही नव्हतं.

केशोराव उठले. डायरी घरी होती, त्यामुळे बोटांवर मोजून म्हणाले, "साडेतीन वाजले. छोटेलाल, उघड. साडेआठले पाड. नहर ओलीच हाये, तासाभरात टोकाले पोहचन." मग गुलाबचंदांकडे वळले. "अन् तुले मी विचारलं ते इसरून जा."

"इसरलो," गुलाबचंद म्हणाले. त्यांनी इतक्या पटकन म्हटलं की ते विसरणार नाहीत हे सगळ्यांना कळलं.

गेट उघडल्याचा आवाज झाला. सावित्रीबाई नहरीच्या कडेनं शेताकडे चालू लागल्या, पाण्याच्या जरा पुढं.

सगळे गेल्यावर योगेश्वरी छोटेलालला म्हणाली, "मामाजी, उद्यापासून चिठ्ठीवर एक खूण कराल का? पहाटे तुम्ही मागच्याचं पाडून पुढच्याचं उघडता ना, तिथं. पाचले या का साडेसहाले या."

"कशी खूण?"

"कशीही. तिथून नवा दिवस. प्रोग्राम तुमच्या खुणेले विचारन, घड्याळाले नाही."

"म्हणजे मी म्हणन तवा दिवस?"

"आजवर तेच तं होऊन राहिलं होतं."

छोटेलालला ही गोष्ट नवी वाटली नाही. त्यानं हो म्हटलं आणि बिडी पेटवली. योगेश्वरीनं ओल्या फडक्यानं फळ्यावरचे पाच तास पुसले, त्याखालचं स्वतःचं नावही पुसलं आणि घरी जाऊन नवा प्रोग्राम लिहायला बसली. भागाकार त्यातून निघून गेला. आठानं भागणंही निघालं, नुसती पुढच्या नावावर सरकायची खूण राहिली. प्रोग्राम आधीपेक्षा लहान झाला, आणि याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

मंगळवारी सकाळी चिठ्ठी आली. सहा वाजून दहा मिनिटांच्या ओळीवर छोटेलालनं एक गोल काढला होता आणि त्याला चारी बाजूंनी काड्या लावल्या होत्या. सूर्य असावा.

शाळेत जायच्या आधी ती टोकाच्या शेतापर्यंत सायकल नेऊन आली. बांधीत घोट्याएवढं पाणी उभं होतं. सावित्रीबाई वाकून बांधाचं तोंड चिखलानं बुजवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"फळ्यावरचं नाव पुसलं कायले?"

"चुकलं म्हणून, काकी."

"लिव परत." त्यांनी चिखलाचा आणखी एक गोळा दाबला. "उद्या पाणी नाही आलं तं बोलावं कोणाले? नाव तं पाहिजे."

शाळेला उशीर होत होता. तरी योगेश्वरी बांधावरून गेली, खडूचा तुकडा शोधला आणि नाव परत लिहिलं, आधीपेक्षा जरा बारीक अक्षरात.