चहापुरतं एक कडवं

आमच्या यांना लेखक व्हायचं होतं. काय लिहायचं ते ठरलं नव्हतं, पण लेखक व्हायचं हे पक्कं होतं. त्यासाठी रोज पहाटे उठून खिडकीशी टेबलावर बसायचे. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तेवढा वेळ खलबत्ता वाजवायचा नाही, बंबात ढलप्या घालताना आवाज करायचा नाही. वर्षभर मी स्वतःच्या घरात चोरासारखी वावरले आणि वर्षाअखेर कागदावर होता तो फक्त 'श्री'.

मग माझ्या नणंदेचं, क्षमाचं, लग्न ठरलं. मामंजी होते तोवर मुलुंडात कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं त्यांचीच. रचायचे तेच आणि गायचेही तेच. क्षमा काही मागणारी मुलगी नव्हे. साड्या दाखवल्या तर पहिलीलाच हो म्हणाली. पण एका सकाळी ती भावाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"दादा, बाबा असते तर माझी मंगलाष्टकं त्यांनी केली असती. आता तू कर. बाजारातली, कुणाचंही नाव घातलेली मला नकोत."

"करतो की गं, त्यात काय," हे म्हणाले आणि पुढचा आठवडा पेन्सिलीला टोक काढत बसले.

पोरीने बापाच्या जागी मानून एक गोष्ट मागितली आणि हा माणूस टोकं काढतोय. माझं डोकं फिरलं.

"अहो, उद्यापासून एक कडवं झाल्याशिवाय चहा नाही," मी सांगून टाकलं.

चहावाचून यांचा जीव कासावीस होतो. दुसऱ्याच दिवशी कडवं झालं. पण त्यात ना गणपती ना लक्ष्मी. आमचा कोरडा नळ होता.

"देव सुचत नाहीत गं. समोर दिसलं ते लिहिलं," हे म्हणाले.

वृत्त मात्र चोख होतं आणि शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्'ही होतं. सवय तरी लागू दे, म्हणून मी चहा दिला. मग रोज एक. दूधवाल्या भैयावर झालं, ढेकणांवर झालं, माझ्या रागावरही झालं. लग्न तोंडावर आलं तेव्हा कुठे गणपतीचं एक आणि वधूवरांचं एक, अशी दोन बरी कडवी जमली.

लग्नात ती दोन्ही छान झाली. हे घाम पुसत मागे सरले, तोच भटजींनी घड्याळ पाहिलं. सकाळपासून दोन लग्नं लावून त्यांचा घसा पार बसला होता.

"मुहूर्ताला अवकाश आहे. चालू ठेवा," ते कसेबसे म्हणाले.

यांचा चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघायला लागले. हातात अक्षता, समोर वरपक्ष, मी तरी काय करणार?

"नळ म्हणा," मी हळूच सांगितलं.

आणि यांनी वडिलांच्याच चालीवर, खड्या आवाजात नळ म्हटला. शेवटच्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

नाही बंब तपे, नळास नसते पाणी सकाळी कधी,
वेणी घालित ही क्षमा खिडकिशी, कुर्यात् सदा मंगलम्।

'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या. लग्नात मंगलाष्टकं ऐकतो कोण? लोकांचे कान 'सावधान'कडे आणि लक्ष पंगतीकडे. भैया झाला, ढेकूण झाले, वरमाय डोळे मिटून डोलत होत्या. माझ्या रागाचं कडवं आलं तेव्हा मी अक्षता जरा जोरातच मारल्या.

ऐकत होती ती एकटी क्षमा. अंतरपाटामागे तिचे खांदे हलायला लागले. हसतेय वाटून मी दटावायला जवळ गेले, तर ती हसतही होती आणि रडतही होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नळाच्या कडव्यात ती होती, भैयाशी दुधातल्या पाण्यावरून भांडणारी ती होती, ढेकणांपायी गाद्या उन्हात टाकणारीही तीच. यांनी टेबलावरून दिसेल तेवढंच लिहिलं होतं, आणि रोज दिसायची ती क्षमा.

निघताना ती भावाच्या पाया पडली. "दादा, बाबांना अशी जमली नसती," म्हणाली.

"संस्कृत काय शुद्ध आहे हो यांचं," वरमाय म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी अट मीच मोडली. न मागता चहा टेबलावर ठेवला. हे रिकाम्या खिडकीकडे बघत बसले होते.

"घ्या की. आता कुणासाठी लिहायचंय?"

"मंगळागौरीला येईल ना ती. मधल्या काळात घरात काय काय झालं, ते तिला कळायला नको?"

चहाला त्यांनी हात लावला नाही. मी खलबत्ता उचलला आणि गॅलरीत जाऊन बसले.