स्वल्पविरामाआधीची जागा

ऑपरेटरबाईंनी चष्मा रुमालाने पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि पडद्यावरच्या हिरव्या शब्दावर बोट टेकवलं.

"‘यशस्वी’ म्हणतोय. पण बसलाय का नीट?"

"त्याच्या म्हणण्यावर जायचं नसतं, बाई," पाहुणी अभियंता म्हणाली. "नांदतोय का ते बघायचं."

लहान मुलांच्या इस्पितळाची ती संगणकखोली. काचेच्या भिंतीपलीकडे आठ यंत्रं एकमेकांना बांधलेली; आठ मिळून एकच असल्यासारखी चालत, म्हणून त्यांना क्लस्टर म्हणत. एखाद्या प्रोग्रामचा कोड बदलला की तो घ्यायचा, त्याचं बिल्ड करायचं, म्हणजे तो बांधून कंटेनरमध्ये बंद करायचा आणि यंत्रांवर चढवायचा, हे काम आजवर बाई हाताने करत आल्या होत्या. कंटेनरला त्या डबा म्हणत. आजपासून हे सगळं एक प्रोग्रामच करणार होता. त्याचं नाव बिल्ड ऑपरेटर. एकतीस वर्षं बाईंच्या दारावर ‘ऑपरेटर’ अशी पाटी होती. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या, आणि पाटीवरचा शब्द तेवढा मागे राहणार होता.

दारातून साहेबांनी डोकं आत घातलं. "बसला का ऑपरेटर?"

"बसला," बाई म्हणाल्या. "अजून खुर्ची मागितलेली नाही."

साहेब हसून गेले. अभियंता चाळिशीतली, पुरवठादाराकडून आलेली, कामाला चोख होती. तिने ऑपरेटरचा पॉड, म्हणजे तो ज्या इवल्याशा कप्प्यात राहून काम करतो तो कप्पा, बाईंच्या डोळ्यांदेखत पुसून टाकला. पाच सेकंदांत त्याच जागी दुसरा उभा राहिला.

"मारला तरी उठतो," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच. तुम्ही म्हणे रजा दिली तरी येता."

बाई हसल्या नाहीत. पडताळणीच्या कागदावर एकच ओळ उरली होती: ऑपरेटर कोडमध्ये स्वतःचं काही घालत नाही, त्यातलं काही गाळत नाही. तिच्यापुढे बाईंची सही हवी होती. आणि तपासायला घेतलेला प्रोग्राम होता औषधांच्या लेबलांचा.

रात्रभर बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता तो त्याच्याचपायी.

तो प्रोग्राम लिहिला होता छोटीने. उंचीवरून पडलेलं नाव. बावीस वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर ती बसायची. कोड लिहिताना प्रत्येक स्वल्पविरामाआधी एक जागा मोकळी सोडायची. कुणी नावं ठेवली तर म्हणायची, त्यालाही जरा श्वास घेऊ द्या. बाळाचं वय महिन्यांत दिलं तर काय करायचं, ती ओळ मात्र ती लिहायची विसरली. आठ महिन्यांच्या बाळाला प्रोग्रामने आठ वर्षांचं धरलं. तसं एक लेबल बाटलीवर चिकटून वॉर्डात गेलं. परिचारिकेने बाटलीचं झाकण उघडण्याआधी ते पकडलं, म्हणून निभावलं.

छोटी तेव्हा कच्च्या नोकरीवर होती. कोडमधला प्रत्येक बदल नावानिशी आणि कारणानिशी नोंदला जाई, आणि या प्रोग्रामच्या नोंदी इस्पितळाच्या औषध समितीपुढे जात. एवढं कुणाला सांगू नकोस, असं ती हात धरून म्हणाली. बाईंनी शब्द दिला. त्या दिवसापासून दर वेळी बिल्ड करताना त्या आपल्या प्रतीत ती ओळ हाताने घालत, बांधणी पुरी करत आणि प्रत पुसून टाकत. मूळ कोड होता तसाच राहिला. पुढे छोटी कायम झाली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. कधी मधल्या सुट्टीत ती "ते आपलं..." असं काही काढू लागे, तर बाई म्हणत, राहू दे गं, मी आहे ना. तीन वर्षांपूर्वी ती गेली. गेलेल्या माणसाला समितीपुढे कोण उभं करणार, म्हणून बाई ओळ घालतच राहिल्या.

पण ऑपरेटर मूळ कोडवरूनच डबा बांधणार. म्हणजे आज लेबल चुकणार, आणि बाईंना तोंड उघडावं लागणार. पहाटे कधीतरी त्यांनी मनाची तयारी केली होती. शब्द शब्दाच्या जागी, पण बाटली बाळाच्या तोंडी लागते.

अभियंतेने बिल्ड सुरू केलं. कोड आणला, एक सेकंद. तपासला, एक सेकंद. मग बांधणीची पायरी आली आणि पडदा थांबला. दहा सेकंद. वीस. काचेपलीकडचे दिवे एकसारखे लुकलुकत होते.

"एवढ्याशा प्रोग्रामला एवढा वेळ?" अभियंता पुटपुटली.

चाळिसाव्या सेकंदाला पायरी पुरी झाली. तिने नव्या डब्यातून नमुन्याचं लेबल काढलं. वय आठ महिने. छपाईयंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. बाईंनी ती उचलली.

अडीच मिली. बरोबर.

बाईंचा हात तसाच राहिला. ओळ नसताना आठ वर्षांच्या मुलाचं, दहा मिली, यायला हवं होतं.

"चांगलं आलंय की," अभियंता म्हणाली. "करा सही."

क्षणभर बाईंना वाटलं, करावी. कुणालाच काही कळणार नव्हतं. मग त्यांनी मूळ कोड दाखवायला सांगितलं. ओळ तिथे नव्हती. तेव्हा त्या म्हणाल्या, आता डबा उघड. अभियंतेने उघडला. वयाबद्दलच्या दोन ओळी मूळ कोडसारख्याच होत्या आणि त्यांच्याखाली ती तिसरी, महिन्यांची.

अभियंतेने दोन्ही पुन्हा ताडून पाहिलं. मग जुना एखादा डबा मध्ये आला असेल, असं म्हणत तिने साठवणीतलं सगळं पुसलं, ऑपरेटरचा पॉडही पुन्हा उठवला आणि बिल्ड नव्याने केलं. परत चाळीस सेकंद. परत ती ओळ.

"बाई, हे कुठून येतंय? तुम्ही हात लावलात का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या पडद्याकडे झुकल्या होत्या. ओळीत एकच स्वल्पविराम होता, आणि त्याच्याआधी एक जागा मोकळी होती. बाईंनी ही ओळ शेकडो वेळा लिहिली होती. अशी एकदाही नाही.

 शेजारच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलं नाही. वाटलं ते एवढंच, की छोटीने असं किती दिवस करत बसायचं?

"सांगते," त्या म्हणाल्या. "साहेबांनाही बोलाव."

सांगायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. बावीस वर्षांचं ओझं एवढंसंच निघालं, याचं बाईंना नवल वाटलं. साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. समितीला कळवावं लागेल, जुनी लेबलं काढून बघावी लागतील, तुमच्या निवृत्तीच्या कागदांनाही कदाचित वेळ लागेल, असं ते सावकाश म्हणाले. बाई हो म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः ती ओळ मूळ कोडमध्ये लिहिली. कारणाच्या रकान्यात चूक कुणाची ते लिहिलं, आणि ती लपवली कुणी तेही.

अभियंतेने बिल्ड पुन्हा सुरू केलं. एक सेकंद, एक सेकंद, एक सेकंद. थांबलं नाही. लेबल बरोबर आलं. डब्यात ओळ एकदाच होती, बाईंनी लिहिली होती तशीच, स्वल्पविराम आधीच्या अक्षराला चिकटलेला.

"आता कसं पळालं," अभियंता म्हणाली. बाईंनी सही केली. अभियंता आणि साहेब कागद घेऊन बाहेर गेले.

एक काम उरलं होतं. समितीचं पत्र पोहोचायच्या आत छोटीच्या मुलीला कळायला हवं होतं, आणि ते बाईंच्या तोंडून. त्यांनी फोन लावला. काही न लपवता, मध्ये न थांबता सगळं सांगितलं. तुझ्या आईचं नाव मी कागदावर घातलं, मला माफ कर, असं म्हणून त्या थांबल्या.



"म्हणजे हे होतं तर," मुलगी म्हणाली.

"काय?"

"मावशी, शेवटच्या महिन्यात आई रोज सकाळी उठली की विचारायची, ‘तिनं सांगितलं का गं?’ कोणी, काय, आम्हाला काही कळायचं नाही. भ्रमात बोलते असं वाटायचं. मी म्हणायचे, सांगेल हं. तेवढ्यावर गप्प बसायची." ती थांबली. "मावशी? आहेस ना?"

बाईंनी फोन कानापासून दूर केला आणि तळहाताने झाकला. खोलीत यंत्रांच्या पंख्यांशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"सांगितलं गं," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग फोन पुन्हा कानाला लावला.