लॉन्ड्रीच्या फळ्यावरचे सिनेमे

मित्रांनो, मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. तरीही एके काळी आमच्या रस्त्यावरची निम्मी माणसे मला वाचल्याशिवाय तिकीट काढत नसत. मी लॉन्ड्रीच्या दारातला फळा. आता बराच जुना झालो आहे.

माझा जन्म उरलेल्या प्लायवूडातून झाला. सुताराने दुकानासाठी कपाट केले, एक तुकडा शिल्लक राहिला. मालकांनी त्याला काळा रंग फासला आणि मला दाराशेजारच्या खिळ्यावर टांगले. तयार कपड्यांचे नंबर माझ्यावर लिहायचे आणि गिऱ्हाइकाने ते वाचून आत यायचे, एवढेच माझे काम. पहिली दोन वर्षे मी आकड्यांखेरीज काही अंगावर घेतले नाही.

एका सोमवारी मालक दुकान उघडतानाच घुश्शात होते. आदल्या दिवशी सुट्टी होती आणि ते मालकीणबाईंना घेऊन दुपारचा खेळ पाहून आले होते. त्यांनी नंबरांच्या खाली लिहिले, 'नायक तीन दिवस जंगलात पळतो, शर्टाची इस्त्री मोडत नाही. त्याची लॉन्ड्री कोणती ते कळवावे.' समोरचा औषधवाला ते वाचून हसला आणि त्याने आणखी चौघांना वाचायला आणले. पुढच्या सोमवारपासून लोक कपडे नसतानाही माझ्यासमोर थांबू लागले.

मालकांना सिनेमातले फार कळत होते असे मी म्हणणार नाही. दिग्दर्शकाचे नाव त्यांना कधी आठवत नसे. पण कपडे त्यांना कळत. गरिबाघरची आई कोऱ्या करकरीत कपड्यांत दिसली की त्यांचा विश्वास उडे. मालकीणबाईंचे माप आणखी सोपे होते. कंटाळवाण्या सिनेमात त्यांना झोप लागे. 'हिला मध्यंतराआधीच झोप लागली' हे वाक्य माझ्यावर आले की आमच्या रस्त्यापुरता त्या सिनेमाचा निकाल लागे.

वर्ष संपताना टीव्हीवर पुरस्कारांचे सोहळे होत. मालक ते बघत आणि म्हणत, "यांच्या घरची बक्षिसं, यांच्याच घरी." मग ते स्वतःचे पुरस्कार माझ्यावर लिहीत. सर्वात खोटा शर्ट. सर्वात खरे जेवण. उगाच मेलेला मित्र. बक्षीस न्यायला कोणी आले नाही, पण ती यादी मी पंधरा दिवस मिरवत असे.

अशातच मालकीणबाईंच्या धाकट्या भावाला सिनेमात काम मिळाले. हा मेहुणा कापडाच्या दुकानात माप घ्यायचा आणि वीस वर्षे हौशी नाटकांत लहान लहान भूमिका करत आला होता. सिनेमात त्याला तीन मिनिटांचे काम होते. तो दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेला बाप होता. डॉक्टर येऊन वाईट बातमी देतात आणि तो रडतो.

सगळे नातेवाईक मिळून सिनेमाला गेले. सोमवारी मालकांनी खडू उचलला आणि परत ठेवला. मालकीणबाई आत कपड्यांचे गठ्ठे बांधत होत्या.

"तुम्हाला आवडला नाही ना?" त्यांनी विचारले.

"तुला मध्यंतरानंतर झोप लागली होती."

"ते माझं मी बघीन. चारचौघांत माझ्या भावाला लाजवू नका, एवढंच सांगते."

"मग काहीच लिहीत नाही."

तीन दिवस मी नंबरांखाली कोरा राहिलो. पण कोरा फळाही लोक वाचतात. "मेहुण्याच्या सिनेमावर फळा मुका झाला वाटतं," असे औषधवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. ती गोष्ट मेहुण्यापर्यंत पोचली. गुरुवारी तो चार शर्ट इस्त्रीला घेऊन आला. त्याने शर्ट टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"भाऊजी, हा कोरा का?"

"तुझी ताई नको म्हणाली."

"म्हणजे वाईटच लिहिणार होतात."

"सगळं वाईट नाही."

"मग लिहा. कोऱ्यापेक्षा बरं."

मालकांनी लिहिले, 'सिनेमा लांबला आहे. दवाखान्याच्या बाकावरचा बाप मांडीवरच्या टॉवेलची घडी घालतो, मोडतो, पुन्हा घालतो. तेवढे खरे आहे. नंतर तो रडतो, ते नाटकातले आहे.'

मेहुण्याने रस्त्यावर उभे राहून ते दोनदा वाचले आणि तो निघून गेला. शर्ट न्यायलाही तो आला नाही. ते कपाटात वरच्या फळीवर पडून राहिले. मालकीणबाई महिनाभर नवऱ्याशी कामापुरतेच बोलत होत्या. रविवारच्या खेळाला मालक एकटे जाऊ लागले.

पुढे त्याच सिनेमाला पुरस्कार मिळाले. सर्वोत्तम सिनेमाचाही मिळाला. औषधवाल्याने रस्ता ओलांडून येऊन विचारले, "आता काय लिहिणार?"

"त्यांना आवडला, मला लांबला. मी काय करू?" मालक म्हणाले आणि इस्त्री फिरवत राहिले. मेहुण्याला त्या पुरस्कारांतले काही मिळाले नव्हते. मंचावरून वाचलेल्या नावांत त्याचे नावही नव्हते.

वर्ष संपले तेव्हा मालकांनी नेहमीची यादी लिहिली. तिच्यात सर्वात वर होते, 'सर्वोत्तम घडी : दवाखान्याच्या बाकावरचा बाप.'

मालकीणबाईंनी बाहेर येऊन ते वाचले. "हे त्याला खूश करायला लिहिलंत?"

"खूश करायचं असतं तर आठ महिन्यांपूर्वीच केलं असतं."

मग त्यांनी आत जाऊन भावाला फोन लावला.

मेहुणा दुसऱ्या दिवशी आला. यादी वाचून तो दारातल्या स्टुलावर बसला.

"रडायला दिग्दर्शकाने सांगितलं होतं," तो म्हणाला. "मोठ्याने रड म्हणाले, रडलो. टॉवेल माझा मी नेला होता. घडीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्या लोकांनी सिनेमा पाहिला, पण घडीबद्दल कोणी एक शब्द काढला नाही."

"मी लिहिलं होतं की. मग इतके दिवस आला का नाहीस?"

"रडण्याबद्दलही लिहिलं होतंत ना," मेहुणा म्हणाला.

मालकीणबाई आतून हसल्या. मालकांनी कपाटातून चार शर्ट काढले आणि पडून पडून सुरकुतले म्हणून पुन्हा इस्त्रीला घेतले.

त्यालाही आता खूप वर्षे झाली. मालकांचे गुडघे थकले आणि थिएटरच्या पायऱ्या त्यांना जमेनाशा झाल्या. दुकान त्यांची मुलगी चालवते. कपडे तयार झाल्याचे गिऱ्हाइकाला फोनवर कळते आणि सिनेमा कसा आहे हेही लोक फोनवरच बघतात. मला धुण्याच्या यंत्रामागे भिंतीला टेकवून ठेवले आहे. तिथे वाफ येते. माझा खालचा कोपरा फुगून त्याचे पापुद्रे सुटले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा फळा असेल तर त्याला ओल्या जागी ठेवू नका आणि कोरड्या फडक्याने पुसा. आणखी एक सांगतो. एखादे काम आवडले नाही, तर तसे म्हणायला हरकत नाही. पण आवडले, तर नुसते 'छान होते' म्हणून पुढे जाऊ नका. नेमके काय छान होते ते सांगा. करणारा माणूस बहुधा तेवढेच ऐकायला थांबलेला असतो.