अर्धं डोकं

"अर्धं डोकं," सलूनवाला म्हणाला. "पूर्ण नाही. पूर्ण भादरलं तर माणूस निदान साधू तरी दिसतो. अर्धंच. आणि दुकानात नाही, बाहेर. फुटपाथवर खुर्ची टाकून, भर सकाळी."

"आणि तू हरलास तर?" पेंटरने विचारलं.

सलूनवाल्याचा हात आपोआप मिशीवर गेला. मिशी होतीच तशी. तिच्यामुळे दुकानाला पाटी लागायची नाही.

"तर अर्धी मिशी."

"डावी का उजवी?" कंपाउंडर म्हणाला. हा खालच्या मजल्यावरचा. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर खुणा करण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्याला सगळं मापात लागायचं. त्याला पंच कुणी नेमलं नव्हतं, पण नेमायची त्याने वाट कुठे पाहिली!

भांडण साधं होतं. पेंटरची चित्रं प्रदर्शनाला न्यायची म्हणून जिन्यात रचून ठेवली होती. सलूनवाल्याने जाता जाता चादर उचलून पाहिली आणि बोंब ठोकली, की ही सगळी आपल्या बिल्डिंगमधली माणसं आहेत, याने नुसती शेपट्या आणि शिंगं लावलीत.

"हट्! माझ्या स्वप्नात येतात ही," पेंटर म्हणाला.

"तुझ्या स्वप्नात आमचाच जिना बरा येतो रे? तोही गळक्या पाइपासकट!"

मग पैज लागली. प्रदर्शनात बिल्डिंगमधल्या एकाने जरी चित्रासमोर उभं राहून 'हा मी' असं कबूल केलं, तर पेंटरचं अर्धं डोकं. कुणीच नाही केलं, तर अर्धी मिशी. पेंटरला डोक्याची भीती असायला हवी होती, कारण पन्नाशीतही त्याची पोनी घोड्याला लाजवेल अशी होती. पण तो हसला. खूश झाला की आधी त्याचे खांदे हसायचे, तोंड मागाहून. कारण पैजेतली गोम त्याला पहिल्या मिनिटालाच कळली होती. दुसऱ्याला गाढव म्हणून ओळखायला सगळेच पुढे येतात. 'हे गाढव म्हणजे मी' असं चारचौघांत कोण म्हणतंय?

पोटासाठी पेंटर दुकानांची शटरं रंगवायचा. आइस्क्रीमच्या गाड्यांवर पेंग्विन काढायचा, दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर हसरी दाढ काढायचा. उरलेल्या ऑइलपेंटमध्ये, फर्निचरवाल्याने फेकलेल्या प्लायवर, तो आपलं खरं काम करायचा. तीन डोळ्यांची मांजरं, सोफा खाणारी गुटगुटीत बाळं, स्कूटरवर डबलसीट बसलेले ऑक्टोपस. त्याची विद्यापीठं म्हणजे काडेपेटीवरची चित्रं, भुताच्या सिनेमांची पोस्टरं, गोंदणवाल्याचे नमुन्याचे कागद आणि औषधकंपनीच्या कॅलेंडरावरची लठ्ठ बाळं. एकदा एका मोठ्या गॅलरीच्या बाईंना त्याने दोन चित्रं नेऊन दाखवली. त्या म्हणाल्या, "हे अगदीच जत्रेतलं वाटतं." त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, "बघ, बाईंनी बरोबर ओळखलं. जत्रेतल्या भूतबंगल्याचा दरवाजा मीच रंगवला होता."

स्वप्नांची गोष्ट मात्र शुद्ध थाप होती. पेंटरला स्वप्नंच पडायची नाहीत. सिमेंटच्या गोणीसारखा झोपायचा. चित्रं यायची ती स्वयंपाकघरातल्या खिडकीतून. बिल्डिंगच्या मधोमध हवेसाठी सोडलेला डक्ट होता, आणि सगळ्यांची स्वयंपाकघरं त्या डक्टात उघडायची. तिथे उजेड बेताचाच असतो, म्हणून कुणी पडदे लावत नाही. पेंटर सिंकपाशी दिवा न लावता चहाचा मग घेऊन उभा राहायचा आणि बघायचा. कंपाउंडर फ्रिजला डॉक्टर समजून त्याला फैलावर घ्यायचा, बोट नाचवून नाचवून. त्याचा झाला गळ्यात स्टेथोस्कोपची गाठ बसलेला जिराफ. सलूनवाला मिशीला फडकं बांधून भांडी घासायचा. त्याचा झाला वॉलरस. 'स्वप्नात येतं' म्हटलं की लोक कपाळाला हात लावून गप्प बसतात, हे पेंटरला ठाऊक होतं.

समोरच्या विंगेतल्या खिडकीत पोस्टातल्या ताई होत्या. एकट्या राहायच्या. काउंटरवर बसायच्या, त्यामुळे अख्खी वस्ती त्यांना ओळखायची, आणि ओळखायची ती वेणीवरून. पाठीवरून खाली कमरेपर्यंत, एक केस इकडचा तिकडे नाही. रांगेतल्या बायका तिकीट घेता घेता विचारायच्या, "ताई, तेल कुठलं लावता हो?" ताई म्हणायच्या, "काही नाही हो, आईचे केस आहेत." आणि पुढच्याला बोलवायच्या.

दुपारच्या सुट्टीत ताई घरी यायच्या. दार लावायच्या, स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या आणि वेणी उतरवून ठेवायच्या. नुसती वेणी नाही, सगळंच. खाली डोकं अंड्यासारखं गुळगुळीत. मग कुकर मांडीवर पालथा घ्यायच्या, त्यावर विग बसवायच्या आणि विंचरायच्या. सावकाश, गुंता न ओढता, लेकीचे केस विंचरावेत तसे.

पेंटरने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा गार झाला. त्यातून चित्र झालं. 'दुपार.' अंड्याच्या डोक्याची बाई, पापण्या पार गालापर्यंत, मांडीवर कुकर, कुकरवर काळंभोर केसाळ जनावर झोपलेलं, आणि बाई त्याला विंचरतेय. नळातून चांदण्या गळताहेत. वर कोपऱ्यात, त्याच्या सगळ्या चित्रांत असते तशी, खिडकी आणि खिडकीत एक पाल. त्या जनावराचा एकेक केस त्याने एकेक करून काढला होता. असं चित्र आपल्या हातून पुन्हा व्हायचं नाही, हे त्याचं त्यालाही कळलं होतं.

प्रदर्शन टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होतं. हॉलला रबराचा वास, पण बिल्डिंग झाडून आली. पैजेची बातमी सगळीकडे गेली होती.

"हा घ्या, हा आपला सलूनवाला!" कंपाउंडर वॉलरससमोर ओरडला.

"मी? डोळे तपासून घे. आणि हा जिराफ कोण आहे ते बायकोला विचार तुझ्या!"

"जिराफ? छे, छे. हा डॉक्टर आहे."

सगळे एकमेकांना ओळखत होते आणि स्वतःला सोडून देत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सोफा खाणारं बाळ बघून शेजारणीला कोपराने ढोसलं, शेजारणीने त्यांना. पेंटरचे खांदे नुसते गदगदत होते. सलूनवाला मधूनमधून मिशीवर हात फिरवून घेत होता, गाडी सुटताना निरोप द्यावा तसा.

"अरे, ही टकली कोण?" कुणीतरी 'दुपार'समोर म्हणालं.

"ही बिल्डिंगमधली नाही बुवा. ही खरंच स्वप्नातली दिसते."

"बाई टकली आणि मांजर केसाळ!" कंपाउंडर म्हणाला. "औषध उलट्या बाटलीतलं दिलंय!"

हॉल हसला. पेंटरही हसला, कारण कोटी बरी होती. हसता हसता तो वळला तर मागे पोस्टातल्या ताई उभ्या. ऑफिसातून थेट आलेल्या, खांद्याला पिशवी, पाठीवर वेणी.

त्याही थोडं हसल्या. सगळे हसताहेत म्हणून माणूस हसतो, तेवढंच. त्यांचा हात कानाजवळ गेला, तिथेच क्षणभर थांबला आणि खाली आला. लोक पुढच्या चित्राकडे सरकले. ताई सरकल्या नाहीत. चित्राकडे बघतच त्या म्हणाल्या, अगदी काउंटरवर बोलतात तशा आवाजात,

"कंगवा निळा आहे."

"अं?"

"तुम्ही लाल काढलाय. निळा आहे माझा."

आणि पिशवी सावरत जिना उतरून गेल्या.

कुणी ऐकलं नव्हतं. कंपाउंडर तिकडे टाळ्या वाजवून जाहीर करत होता की हॉल बंद होतोय, कुणीही कबूल झालेलं नाही, सबब सकाळी मिशी. लोकांनी पेंटरला खांद्यावर उचललं. इतक्या उंचावरून त्याला त्या अंड्याच्या डोक्याचा वरचा गोल दिसत होता. त्यावर त्याने हौसेने एक पांढरी चमक दिली होती. ती आता त्याला बघवेना.

'दुपार' तेवढं खिळ्यावरून काढून, चादरीत गुंडाळून तो घरी घेऊन आला. बायकोने चादर उचलली, बघितलं आणि चादर परत टाकली.

"हे लावलं होतं तुम्ही तिथे? सगळ्यांसमोर?"

"कुणाला कळलं नाही."

"तिला?"

पेंटर चादरीचं टोक नीट करत बसला.

"अहो, मी दुपारी बाहेरच्या खोलीत का पडते? इतक्या उकाड्यात? तुम्हाला काय वाटलं, मला झोप येते म्हणून?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"समोर खिडकी आहे. मला डोळे नाहीत का?" ती म्हणाली. "ती बसली की मी उठून येते. बाई दिवसभर ते डोक्यावर घेऊन बसते. घडीभर उतरवते तर उतरवू दे की निवांत."

"मी वाईट नाही काढलं गं. प्रेमाने काढलंय. तूच बघ."

"बघितलं. चांगलं आलंय," बायको म्हणाली. "म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या घरातून प्रेमाने उचललं की ते आपलं होतं का?"

तो चित्र उचलून समोरच्या विंगेत गेला, ताईंच्या दारासमोर उभा राहिला. बेलपर्यंत बोट नेलं. आत नळ चालू होता, मग बंद झाला. त्याने बोट मागे घेतलं आणि चित्र परत आणून, तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

सकाळी चहाचा मग घेऊन तो सवयीने सिंकपाशी गेला. समोरच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. चारही बाजूंनी, कडा नीट दाबून, पोस्टातल्या माणसाने पाकीट बंद करावं तसं. आतला दिवा लागलेला होता. म्हणजे आता भर दिवसाही त्यांना दिवा लावून बसावं लागणार. पेंटरने चहा सिंकमध्ये ओतला.

खाली फुटपाथवर गर्दी होती. सलूनवाला स्वतःच्याच खुर्चीत, स्वतःचंच फडकं गळ्याला बांधून बसला होता. वस्तरा कंपाउंडरच्या हातात.

"ये बाबा, ये!" सलूनवाला पेंटरला म्हणाला. "उजवी ठरलीय. या कंपाउंडरने फूटपट्टी आणलीय. चल, उरक एकदाचं. बायको मला घरात घेणार नाही."

"ऊठ," पेंटर म्हणाला. "हरलो मी."

"काय?"

"हरलो. एकाने ओळखलं. ऊठ खुर्चीतून."

सलूनवाला उठला नाही. फुकट मिळालेली मिशी घ्यायला त्याला भीती वाटली. "कोण म्हणालं? कधी? ए, मस्करी करतोस?"

"नाही, नाही, असं चालायचं नाही," कंपाउंडरने वस्तरा वर धरला. "पंच मी आहे. माझ्यासमोर कुणी कबूल झालेलं नाही. नाव सांग."

"नाव कशाला? मी हरलो म्हणतोय ना!"

"नावाशिवाय डोकं नाही." कंपाउंडर आठवू लागला. त्याला तीच तर हौस. "मी हॉल बंद करायच्या जरा आधी कोण कोण होतं? काकू निघून गेल्या होत्या. हा सलूनवाला इकडे माझ्याजवळ. तिकडे त्या टकलीच्या चित्रापाशी तू, आणि तुझ्याबरोबर..." त्याचे डोळे बारीक झाले. "तुझ्याबरोबर पोस्टात..."

"मी!" पेंटर ओरडला.

"काय मी?"

"मी ओळखलं. मला. मी बिल्डिंगमधलाच आहे ना?" त्याला घाम फुटला होता. "जाऊन बघा. प्रत्येक चित्रात वर कोपऱ्यात खिडकी आहे. खिडकीत पाल आहे. मोठ्या डोळ्यांची. दिसली नाही कुणाला? ती पाल मी. तुमच्या घरांत बघणारी. स्वप्नंबिप्नं काही नाहीत. मी डक्टातून बघतो आणि काढतो. हा मी. झालं कबूल?"

मग कुणीतरी फस्सकन हसलं आणि गर्दी फुटली.

"पाल! अरे, पेंटर पाल!"

"म्हणजे तो वॉलरस मीच ना रे, हरामखोरा?" सलूनवाला खुर्चीतून उसळला. "भांडी घासताना बघतोस? बस! बस इथे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्या वर बघून आपली खिडकी कुठली ते मोजत होत्या. पेंटरने ते पाहिलं आणि खुर्चीत बसला.

सलूनवाल्याने रबर ओढून काढलं. पोनी सुटली. डावीकडून मशीन फिरलं आणि घोड्याला लाजवणारे केस फुटपाथवर पडले. पोरं नाचत होती, स्कूटरवाले थांबून बघत होते. पेंटरची मान खाली खाली जात होती.

"मान वर," सलूनवाला म्हणाला. "वर कर, नाहीतर कान जाईल."

त्याने मान वर केली तर समोर ताई. ऑफिसला निघालेल्या, खांद्याला पिशवी, पाठीवर वेणी, एक केस इकडचा तिकडे नाही.

"ताई, बघा बघा, काय ध्यान झालंय!" कंपाउंडर म्हणाला.

ताईंनी पिशवी खाली ठेवली. दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या आणि बघू लागल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मशीन जिथून जिथून जात होतं तिथे तिथे बघत होत्या, सावकाश, अगदी निवांत. पेंटरने डोळे मिटले नाहीत. मिटायचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्याला कळत होतं.

अर्धं झालं. सलूनवाल्याने फडकं झटकलं. ताई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि खुर्चीजवळून जाताना म्हणाल्या,

"ऊन चावेल. सुरुवातीला चावतं."

आणि पोस्टाच्या दिशेने गेल्या.

"यांना काय माहीत?" कंपाउंडर म्हणाला.

पेंटरचा हात डोक्याकडे निघाला होता. तो त्याने मांडीवरच दाबून धरला, आणि गर्दी पांगेपर्यंत तसाच उन्हात बसून राहिला.