डाव्या स्पीकरवरची कृपा

गाड्यांच्या सामानाच्या दुकानापुढे मोटरसायकलींची एवढी दाटी झाली होती की पायी जाणाऱ्याला अंग चोरून वाट काढावी लागत होती. आत नादबाबा बसले होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते याच दुकानात सीटची कव्हरं शिवत. आता मोटरसायकलच्या स्पीकरमध्ये प्राण घालत. काळा चष्मा, काळं जाकीट, आणि दहा बोटांत मिळून अकरा अंगठ्या.

"स्पीकर विकत मिळतो, बाळा," ते म्हणत, "नाद मिळवावा लागतो."

गर्दीच्या मागे हाताची घडी घालून विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. त्या काही स्पीकर घ्यायला आल्या नव्हत्या, धाकट्या भावाला न्यायला आल्या होत्या. तो मोटरसायकलवरून औषधांची पार्सलं पोचवायचा. पंधरा वर्षं वारा आणि इंजिनाची घरघर खाऊन त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता. गेल्या महिन्यात डावीकडून आलेल्या ट्रकचा हॉर्न त्याला ऐकूच आला नाही. वाचला तो ट्रकवाल्याच्या ब्रेकमुळे. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र बसवायला उद्या बोलावलं होतं, आणि या शहाण्यानं आज सकाळी ती वेळ रद्द केली होती.

"यंत्र लावून फिरू? म्हातारा झालो का मी?" तो म्हणाला. "काल बाबांचा स्पीकर मी डाव्या कानानं ऐकलाय, ताई. महिनाभर ऐकला की कान उघडेल म्हणाले."

तेवढ्यात बाबांनी नवी जोडी एका हँडलवर लावून गाणं सुरू केलं. आवाज पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बाबांनी मान हलवली. "निर्जीव." मग डाव्या स्पीकरवर मखमली कापड टाकलं, हात आत घातला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. कापड उचललं, तेच गाणं पुन्हा लावलं, तर असा दणका बसला की फळीवरचे आरसे थरथरले. लोकांचे हात आपसूक जोडले गेले.

ही तिसरी जोडी होती, आणि तिन्ही वेळा कापड डाव्यावरच पडलं होतं.

"बाबा, उजव्याला प्राण लागत नाही का?" बाईंनी विचारलं.

"उजवा मुळात सज्जन असतो. दोष डावीकडे साठतात."

"पुढची जोडी मी बघू?"

"त्याला अधिकार लागतो, बाई."

पण गर्दीतले निम्मे बाईंच्याच वर्गातून पास-नापास होऊन गेलेले. जुन्या सवयीनं त्यांनी वाट करून दिली. बाईंनी पर्समधल्या टॉर्चचा सेल काढला, चौथ्या जोडीच्या वायरी गाणं वाजवणाऱ्या डब्यातून सोडवल्या आणि शेजारच्या दाढीवाल्या मेकॅनिकला म्हणाल्या, "स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेव. हलकंच." उजव्या स्पीकरच्या तांबड्या-काळ्या वायरींना त्यांनी सेल टेकवला.

"बाहेर आला," मेकॅनिक म्हणाला.

मग डाव्याला, तसाच.

"हा आत गेला की!"

"म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोघं मिळून जड आवाज मारून टाकतात. डाव्याच्या वायरी आधीच उलट्या जोडायच्या आणि कापडाखाली सरळ करायच्या. एवढाच काय तो प्राण."

बाबा मंद हसले. "वायर कोणीही फिरवेल. मंत्र कुठून आणाल?"

"आणते की." बाईंनी डाव्याच्या वायरींची अदलाबदल केली, जोडी परत डब्याला जोडली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." गाणं लावलं. आरसे थरथरले.

मागून एक टकला गृहस्थ अदबीनं म्हणाला, "बाई, माझ्याही जोडीवर तेवढा पाढा म्हणाल का?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

बाबांना तेवढा धीर पुरला. "वायरीचं सोडा. कानाचं काय? विचारा तुमच्या भावाला, काल ऐकलं की नाही."

"ऐकलं, ताई," भाऊ म्हणाला. "अगदी इथे." आणि त्यानं हात छातीवर ठेवला.

बाईंना त्या हाताकडे बघवेना. "उजव्या कानात बोट घाल," त्यांनी खुणेनं सांगितलं. त्यानं घातलं. त्यांनी गाणं बंद केलं, त्याच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आई जेवायला थांबलीय. येतोस ना?"

अख्ख्या दुकानानं ऐकलं. भाऊ बाबांकडे बघत तसाच उभा राहिला, गाणं कधी सुरू होतंय याची वाट बघत. हळूहळू त्याला समोरचे चेहरे दिसले. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्यानं बोट काढलं.

"काही म्हणालीस?"

"दणका छातीलाही कळतो, त्याला कान लागत नाही," बाई म्हणाल्या. "हॉर्नला लागतो." मग त्या गर्दीकडे वळल्या. "स्पीकर जरूर घ्या. इंजिन चालू ठेवून ऐका, पावसात टिकतो का विचारा, वायरी स्वतः तपासा. आणि कोणी मध्ये कापड धरलं, तर हात जोडण्याआधी ते उचलून बघा."

बाबा कापडाची घडी घालत होते, फार नीटनेटकी. भाऊ बाहेर आला, गाडीला टेकला आणि त्यानं फोन उजव्या कानाला लावला.

"डॉक्टर आहेत का? उद्याची वेळ मी रद्द केली होती," तो म्हणाला. "ती अजून मिळेल का?"