दहा फेऱ्यांचा नॉब

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने राणोजीरावांना विचारलं, "आठवण म्हणून काय नेणार?" राणोजीरावांनी कपाटाएवढ्या सिंथेसायझरकडे बोट दाखवलं. कोडंबाक्कमच्या त्या सिनेमाच्या स्टुडिओत त्यांचं तारुण्य त्याच यंत्रासमोर गेलं होतं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या. नुसते नॉब, भोकं आणि एका भोकातून दुसऱ्यात जाणाऱ्या रंगीत वायरी. नॉब फिरवत फिरवत आवाज घडवायचा. कॉम्प्युटर आल्यावर ते कुणालाच नको झालं होतं. टेम्पोत घालून ते तिरुवल्लिकेणीच्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलाच्या जागी उभं केलं.

त्यांच्या बायकोने, सईबाईंनी, जेवणाची पानं स्वयंपाकघरात मांडायला सुरुवात केली. नवऱ्याबरोबर जेवायला त्या एरवीही क्वचितच बसल्या होत्या.

पुढे राणोजीरावांचे हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. पण स्वराचा नॉब इतका हळवा होता की बोट जरा हललं तरी सूर घसरून भलतीकडे जाई. राणोजीराव रोज दुपारी यंत्र चालू करत, थोडा वेळ झगडत आणि बंद करून खिडकीशी जाऊन बसत.

मुलगी दिव्यश्री मँचेस्टरहून सुट्टीला आली, तेव्हा तिने हे पाहिलं. पुढच्या खेपेला तिने एक छोटा खोका आणला. असल्या जुन्या यंत्रांचे नॉब बदलण्यासाठी तिकडे कुणीतरी घरगुती किट बनवत होतं. मूळ नॉब एका फेरीच्या आतच खालपासून वरपर्यंत जाई. किटमधला तेवढ्याच अंतराला दहा फेऱ्या घेई. हात थरथरला तरी सूर जागचा हलणार नाही.

"पण अप्पा, हे तुम्हालाच जोडावं लागेल," ती म्हणाली. "सोल्डर करून."

राणोजीरावांनी हात पुढे करून दाखवला. दोघंही हसली. दिव्यश्री परत गेली आणि खोका यंत्रावर तसाच पडून राहिला.

दीपावली झाल्यावर एका सकाळी सईबाई रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सोल्डरिंग आयर्न घेऊन आल्या. लग्नाआधीपासून त्या गिंडीला रेडिओच्या कारखान्यात सोल्डरचे डाग द्यायच्या कामावर होत्या. दिव्यश्रीच्या वेळी काम सुटलं ते सुटलंच.

"तू करणार?" राणोजीरावांनी विचारलं.

"मग काय, खोक्याची पूजा करू?" सईबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "तुम्ही फक्त दिवा धरा. नको, राहू दे. दिवा मीच टांगते."

सोल्डरमधल्या राळेचा धूर वर आला तशा त्या क्षणभर थांबल्या. मग मान खाली घालून कामाला लागल्या. नव्या नॉबचा दांडा जाड होता. पत्र्याचं भोक कानशीने घासून मोठं करावं लागलं. राणोजीराव शेजारी बसून बायकोचे हात पाहत होते. हे हात इतके स्थिर आहेत, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळी यंत्र चालू केलं. सूर लागला आणि तिथेच राहिला. राणोजीरावांची बोटं नॉबवर थरथरत होती, पण सूर मात्र ढळला नाही. सईबाईंना वाटलं, आता ते खूश होतील. राणोजीरावांनी नॉब फिरवायला सुरुवात केली. फिरवत राहिले, फिरवत राहिले. सूर मुंगीच्या पावलाने वर चढत होता.

"मींड गेली," ते हळूच म्हणाले. "सूर न तुटता एका दमात वर सरकायला हवा. तो आवाज असा नाही निघायचा."

"कुठला आवाज?"

राणोजीराव नॉब उलटा फिरवू लागले. सईबाईच म्हणाल्या, "कोळ्यांच्या पिक्चरचा? दिव्यश्रीला ताप होता, तुम्ही तीन दिवस घरी नव्हता. आलात ते दारातूनच म्हणालात, सई, आज असा आवाज काढला! आणि मी पाठ फिरवली."

"तुझं काय चुकलं?"

"ते नाही विचारत मी. आवाज कसा होता ते सांगा. त्या दिवशी ऐकायचं राहिलं."

मग राणोजीरावांनी सांगितलं. कोवलमच्या किनाऱ्यावर पहाटेच्या धुक्यात एका बाईने समुद्रातल्या होडीला मारलेली हाक त्यांनी ऐकली होती. शब्द विरून गेले होते, नुसती 'ओ' पाण्यावरून येत होती. तीच हाक त्यांनी या यंत्रातून काढली. पिक्चर डब्यातच राहिलं, टेप ओलीने खराब झाली. तो आवाज नंतर कुणीच ऐकला नाही.

सईबाईंनी किटबरोबरचा कागद पुन्हा काढला. जुना नॉबही ठेवून दोन्ही जोडता येतात, असं एक चित्र त्यात होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीत काढून ठेवलेला जुना नॉब शेजारच्या रिकाम्या भोकात बसवला. मोठी उडी त्याने मारायची, बारीक सूर नव्याने लावायचा.

"जुना मी फिरवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवा धरा."

"तुला जमेल?"

"शिकवा."

तेव्हापासून दुपारच्या कॉफीनंतर दोघं यंत्रासमोर दोन स्टुलांवर बसू लागली. "हळू... अजून वर... आता सोड." कधी सईबाईंचा हात पुढे जाई, कधी राणोजीरावांचा मागे राही. कधी चिडून राणोजीराव "पोदुम! पुरे झालं!" म्हणून उठत आणि थोड्या वेळाने परत येऊन बसत. पोंगलच्या सुमारास एकदा आवाज खालून उठला, तोंड उघडल्यासारखा रुंद झाला आणि लांब जाऊन विरला. सईबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

राणोजीरावांनी डोळे मिटून घेतले होते. मग मान हलवली. "जवळ आहे. पण तो नाही."

"सरी, बरं," सईबाई म्हणाल्या. "परत."

तो आवाज त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. पुढच्या वर्षी नवा नॉबही राणोजीरावांच्या बोटांत ठरेना, तेव्हा सईबाई दोन्ही हातांनी दोन्ही नॉब फिरवू लागल्या आणि ते खुर्चीत बसून नुसतं ऐकू लागले. एका रविवारी दिव्यश्रीचा फोन आला, तेव्हा यंत्र चालूच होतं. सईबाईंनी रिसीव्हर स्पीकरसमोर धरला आणि जुना नॉब वर नेला.

"कोण हाक मारतंय, अम्मा?" दिव्यश्रीने विचारलं.

सईबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. राणोजीराव मान हलवत होते, नाही, अजून नाही.

"थांब," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "परत एकदा ऐक."